लामाराची हार

कुताइसीत कुणालाही विचारा, लामारा गबुनिया कोण? बाजारात मक्याचं पीठ विकणारी सांगेल, थिएटरचा रखवालदार सांगेल, पुलावर गळ टाकून बसलेले रिकामटेकडे सांगतील: "ती होय! एरंडेल प्यायलेली!" आणि खो खो हसतील. तीनदा प्रजासत्ताकाचं बुद्धिबळातलं अजिंक्यपद, पुढे ग्रँडमास्टरचा किताब, हत्तींच्या डावात तिचा हात धरेल असं सबंध कॉकेशसात कुणी नव्हतं, हे सगळं गेलं चुलीत. उरलं काय, तर एरंडेल. माणसाच्या आयुष्याची अशी माती करायची कला आमच्या गावाला जन्मजात येते.

लामारा चिडते. साठी उलटली तरी चिडते. लोक म्हणतात, म्हातारी तापट आहे. तापट? तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर एव्हाना गाव पेटवून मोकळं झालं असतं.

आमच्याकडे मुलीला सासरी पाठवताना अंथरुणा-पांघरुणाबरोबर बुद्धिबळाचा पटही देतात. लामाराच्या आईनं, बाबुत्सानं, तसा आणलेला पट बाकीच्या बायकांसारखा माळ्यावर न टाकता अंगणात द्राक्षवेलीखाली मांडला. बाबुत्साचा स्वतःचा खेळ बेताचाच. मुलगी मात्र बारा वर्षांची झाली तेव्हा आईला कंटाळून नदीकाठच्या बागेत पुरुषांशी खेळायला जाऊ लागली. आणि तिथे ती ज्याला ज्याला हरवी, त्याची नेमकी त्या दिवशी तब्येत बिघडलेली असे. एकाच्या डोळ्यांवर ऊन येई, एकाची दाढ ठणके, एकानं आदल्या दिवशी भाचीच्या लग्नात जास्त घेतलेली असे.

"एकदा तरी म्हणा ना, पोरगी चांगली खेळली म्हणून!" ती पट उधळून ओरडे.

"बघा, बघा, भडकली!" ते म्हणत, आणि दुसरा डाव मांडत.

म्हणजे जिंकलं तरी जिंकणं तिचं नाही. ऊन, दाढ आणि दारू यांनी मिळून ते केलेलं. तिच्या रागाला तिथून सुरुवात झाली, आणि तो राग रास्त होता असं माझं ठाम मत आहे.

लामारा तिशीला टेकली असताना ती मोठी स्पर्धा कुताइसीच्या थिएटरात भरली. जगज्जेतीला कोण आव्हान देणार, ते ठरवण्याच्या पायऱ्यांपैकी ही एक पायरी. शेवटच्या फेरीपर्यंत वरच्या पायरीवरची एकच जागा उरली होती आणि तिच्यावर दोघींचा डोळा होता: आमची लामारा आणि लेनिनग्राडची क्सेनिया ल्वोव्ना वेरिगिना. क्सेनियाकडे अर्धा गुण जास्त होता, आणि शेवटचा डाव दोघींचा एकमेकींशीच होता. लामारानं जिंकलं तर जागा लामाराची. बरोबरी झाली तरी जागा क्सेनियाची. इतकं सरळ होतं.

क्सेनिया पंचेचाळिशीची, हडकुळी, कमी बोलणारी बाई. ही तिची शेवटची संधी होती, हे आंधळ्यालाही दिसत होतं. लामाराला आणखी मिळतील असं लोक म्हणायचे. पण वरच्या कचेऱ्यांत परदेशी जाणाऱ्यांची नावं कशी चढतात आणि कशी गळतात हे ज्यांनी पाहिलं होतं, ते तसं म्हणत नव्हते. लामारानंही पाहिलं होतं. तिला ही जागा हवी होती, अगदी दातओठ खाऊन हवी होती.

शेवटच्या फेरीच्या आदला दिवस विश्रांतीचा. बाबुत्सा सकाळीच म्हणाली, "ती बाई हॉटेलात एकटी बसून काय खात असेल? घेऊन ये तिला जेवायला."

"आई, उद्या माझा तिच्याशी डाव आहे."

"मग उद्या भांडा की! आज ती पाहुणी आहे. माझं घर चार पावलांवर असताना पाहुणी हॉटेलातलं पाणचट सूप पिते, लोक शेण घालतील तोंडात."

लामारा जाऊन बोलावून आली. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्यात कुणालाच वाटलं नसतं. पाहुणा देवानं धाडलेला असतो, मग तो उद्या तुमचा वजीर मारणारा का असेना.

जेवणाची सूत्रं पोर्फिले काकाकडे होती. लामाराचे वडील वारल्यापासून त्यांचा हा धाकटा भाऊच घरच्या मेजवान्यांचा तमादा होता. कुणाच्या नावानं प्याला उचलायचा ते तमादा ठरवतो, आणि तोवर सगळ्यांना हात वर धरून त्याचं भाषण ऐकावं लागतं. पोर्फिले काका क्सेनियाच्या शहराच्या नावानं बोलला, तिच्या आईच्या नावानं बोलला, तिच्या घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं बोलला. गेलेल्यांच्या नावाचा प्याला अर्धा ठेवता येत नाही. क्सेनियानं तो तळापर्यंत संपवला, आणि त्यानंतरचेही.

आणि बाबुत्सा वाढत होती. अक्रोडाच्या रश्श्यातली टर्की, बीटच्या पाल्याची अक्रोड घातलेली भाजी, लोबियो म्हणजे आमची राजम्याची उसळ, मक्याची भाकरी, तव्यावरून थेट ताटात येणारी चीजनं भरलेली खाचापुरी. आमच्या बायकांची नजर घारीसारखी पाहुण्याच्या ताटावर असते. ताट रिकामं दिसलं, म्हणजे पाहुणा भुकेला आहे आणि घरधनीण मेल्याहून मेली. पोट भरलं की पाहुणा ताटात चार घास राहू देतो, तेव्हा कुठे ती हात आवरते. क्सेनियाचं ताट रिकामं झालं. बाबुत्सानं भरलं. पुन्हा रिकामं झालं, अगदी भाकरीच्या तुकड्यानं पुसून लख्ख. बाबुत्सानं पुन्हा भरलं. अशी खाणारी पाहुणी तिला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. ती हरखून गेली.

लामाराचं मन उद्याच्या डावात होतं. क्सेनियाच्या कपाळावर घाम आलाय, हे तिला फार उशिरा दिसलं.

"आई, पुरे आता."

"तू गप्प बैस. बघ की, कसं आवडतंय तिला."

क्सेनिया हसली आणि पुढचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातून निरोप आला. लामारा धावत गेली. क्सेनिया पलंगावर पाय पोटाशी घेऊन पडली होती, चेहरा राखेसारखा. रात्रभर उलट्या झाल्या होत्या. उठून उभं राहायची ताकद नव्हती, आणि चार वाजता डाव होता.

"क्सेनिया ल्वोव्ना, पुरे म्हणायचं होतंत! निदान ताटात टाकायचं होतंत!" लामारा जवळजवळ अंगावरच गेली.

"टाकता येत नाही."

"म्हणजे काय?"

"वेढा पडला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. भिंतीच्या कागदामागची खळ खरवडून आई उकळून द्यायची. धाकटा भाऊ त्याच हिवाळ्यात गेला. तेव्हापासून ताटात काही राहिलं तर मला उठताच येत नाही. हसू नकोस."

"मी हसत नाहीये."

"तुझी आई फार छान करते ग. मी वाट बघत होते, ती कधी थांबतेय."

"आणि ती वाट बघत होती, तुम्ही कधी थांबताय!" लामारा ओरडली. मग तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली आणि ती तांब्यातलं पाणी ओतू लागली. लेनिनग्राडच्या वेढ्यात माणसं भुकेनं कशी मेली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही शाळेत शिकतं. शिकलेलं असं आपल्याच जेवणाच्या टेबलावर येऊन बसेल, असं मात्र कुणाला वाटत नाही.

तेवढ्यात स्पर्धेचे डॉक्टर ग्रिगोल आले. मागोमाग एल्गुजा आला. हा एल्गुजा स्पर्धेचा यजमान-प्रमुख. आयुष्यात त्यानं कधी धड डाव खेळला नाही, पण फोटोत तो कायम मधोमध. स्पर्धेचा नियम असा होता की प्रत्येक खेळाडूला एकदा आजारपणाची रजा घेता येई. डॉक्टरनं लिहून दिलं की डाव एक दिवस पुढे. नाही दिलं, आणि खेळाडू तासाभरात पटावर आला नाही, की डाव गेला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, चमचाभर एरंडेल पाजलं आणि बाहेर व्हरांड्यात आले.

"लिहा रजा," लामारा म्हणाली.

"काय लिहू, पोरी? आजार नाही. अजीर्ण आहे."

"माणूस उभं राहू शकत नाही, याला तुम्ही काय म्हणता?"

डॉक्टर कानाशी वाकले. "तुला कळत कसं नाही? बाबुत्सा गबुनियाकडे जेवून पाहुणी आजारी पडली, असं मी लिहायचं? कुताइसीत राहून? माझी बायको मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. तुझ्या आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"आणि नियमात अजीर्ण कुठे बसतं?" एल्गुजानं हात चोळत विचारलं. "तू कशाला डोकं शिणवतेस? घरी जा, केस नीट कर. संध्याकाळी फोटो आहेत."

लामारा तिथून तडक घरी गेली. बाबुत्सा अंगणात भांडी घासत होती.

"आई, डॉक्टरांकडे चल आणि सांग, माझ्या जेवणानं झालं म्हणून लिहा. तुझ्या भीतीनं लिहीत नाहीयेत ते."

बाबुत्साच्या हातातलं पातेलं खाली आदळलं. "माझ्या जेवणानं? या घरात जेवून आजवर कुणाला शिंकसुद्धा आली नाही!"

मग लामारानं तिला भिंतीच्या खळीचं सांगितलं. बाबुत्सा मटकन पायरीवर बसली.

"मला काय माहीत ग? ताट रिकामं दिसलं, वाढलं."

"म्हणून तर म्हणते, चल."

"तिच्यासाठी पातळ रस्सा करून नेते. तिचे पाय धरते. पण डॉक्टरनं तसं कागदावर लिहायचं नाही. तुझ्या बापाचं घर आहे हे."

"बापाच्या घराला आग लाव!" लामारा किंचाळली आणि बाहेर पडली. असं बोलू नये हे खरं. पण बाबुत्साचाही मला राग येतो. पाय धरायला तयार, नाव घालवायला तयार नाही. आमच्या सगळ्या मोठेपणाची अशी एक भिंत असते, आणि नेमकी गरज पडते तेव्हाच ती आडवी येते.

बागेत गर्दी जमली होती. मधोमध पोर्फिले काका. त्याच्या पाठीवर थापा पडत होत्या आणि तो मिशीला पीळ देत सांगत होता, "लोकांनो, वजिरानं जमलं नसतं ते टर्कीनं केलं! तिसऱ्या प्याल्यालाच मी ओळखलं होतं, बाई आडवी होणार!"

लामारानं त्याला दंडाला धरून झाडामागे ओढलं. "काका, तुम्ही मुद्दाम केलंत?"

"अगं, छे!" काकाचा चेहरा उतरला. "पाहुणीला मी मुद्दाम पाजीन? जीभ झडेल माझी! गेलेल्यांच्या नावानं प्यायलो आपण."

"मग हे काय सांगत सुटलाय?"

"लोकांना आवडतंय ग."

तिला वाटलं, मुद्दाम केलं असतं तर बरं होतं. निदान भांडता आलं असतं. पाप केलं नाही आणि त्याची शाबासकी मात्र घेतोय, अशा माणसाचं काय करायचं? आणि शाबासकी देणारे तरी कोण? ती बारा वर्षांची असताना तिच्याशी हरून दाढ दुखल्याचं सांगणारे, तेच. आता त्यांनी तिचं जिंकणं टर्कीच्या नावे करून टाकलं होतं. अजून ती जिंकलीही नव्हती.

चार वाजता थिएटर खच्चून भरलं होतं. पंचांनी क्सेनियाचं घड्याळ सुरू केलं. पांढरी मोहरी तिची होती, आणि तिची खुर्ची रिकामी. लामारा समोर बसली. पुढच्या रांगेत एल्गुजा मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन बसला होता. काटा सरकत होता आणि लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. डाव नाही, चाल नाही, आणि यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं. तिला हवी होती ती जागा आता नुसतं बसून राहिलं की मिळणार होती. काही करायचं नव्हतं. हात मांडीवर ठेवून बसायचं.

ती उठली.

डॉक्टरांची खोली स्टेजच्या मागे, नटांच्या रंगपटाच्या जागेत होती. डॉक्टर चहा पीत होते.

"मी आजारी आहे. माझी रजा अजून घेतलेली नाही. लिहा."

"तुला काय होतंय?"

"राग येतोय."

डॉक्टर हसले. "रागाला रजा मिळत असती, तर तू शाळासुद्धा पुरी केली नसतीस. जा, पोरी, बस जाऊन. थोडाच वेळ राहिलाय."

टेबलावर बॅगेशेजारी एरंडेलाची बाटली होती. लामारानं ती उचलली, बूच काढलं आणि तोंडाला लावली. डॉक्टरांना आधी वाटलं, वास घेतेय. मग तिचा गळा हलताना दिसला. ते धडपडत उठले, चहा विजारीवर सांडला.

"अगं, अगं! थुंक! थुंक ते!"

तिनं बाटली रिकामी करून खाली ठेवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज खणखणीत होता. "आता लिहिता, की मी परत स्टेजवर जाऊन बसू? पुढे काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सगळं गाव बसलंय बघायला."

एल्गुजा गुच्छ घेऊन दारात आला होता. त्यानं बाटली पाहिली, डॉक्टरांची विजार पाहिली आणि त्याला सगळं उमजलं.

"गावाच्या तोंडाला काळं फासलंस तू."

"गावानं धुवावं मग. लिहा हो, ग्रिगोलसाहेब!"

डॉक्टरांनी लिहिलं. तास भरायच्या आत पंचांनी घड्याळ थांबवलं आणि डाव दुसऱ्या दिवसावर गेला. त्या रात्रीचं वर्णन मी करणार नाही. गावानं आजवर केलंय तेवढं पुरे आहे.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. एकीचा चेहरा राखेसारखा, दुसरीचा मेणासारखा. बाबुत्सानं हॉटेलात नेलेल्या रश्श्यावर क्सेनिया कशीबशी उभी राहिली होती. लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि त्या क्सेनियाला नव्हत्या.

"मला आज सकाळी कळलं, तू काय केलंस ते," क्सेनिया हलकेच म्हणाली.

"खेळा," लामारा म्हणाली.

तिला आभार नको होते. तिनं उपकार केलेच नव्हते. तिला डाव हवा होता. समोर शुद्धीवर असलेला माणूस हवा होता आणि त्याला हरवायचं होतं. त्या दिवशी ती खेळली तशी पुन्हा कधी खेळली नाही, असं जाणकार म्हणतात. क्सेनियाही काही कमी नव्हती. तीन तास दोघींनी मान वर केली नाही. मग लामारानं एक प्यादं मारलं. मोहरी उतरत गेली. शेवटी दोघींकडे एकेक हत्ती उरला आणि लामाराकडे ते एक जास्तीचं प्यादं, पटाच्या कडेनं पुढे निघालेलं.

हत्तींचा डाव, म्हणजे लामाराचं माहेर. क्सेनियाचा हत्ती शहामागून शह देत होता आणि लामाराचा राजा वाट काढत प्याद्याकडे येत होता. शहांपासून लपायला त्याला एकच घर होतं, प्याद्याच्या अगदी पुढचं. दोन चाली थांबायचं, राजाला त्या घरात शिरू द्यायचं, की डाव जिंकलेला. लामाराला हे ठाऊक होतं. पुढे तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरींनाही ठाऊक असायचं.

तिनं प्यादं ढकललं. त्याच घरात.

बोटं सुटली आणि त्याच क्षणी तिला दिसलं. राजाची जागा प्याद्यानं घेतली होती. आता लपायला कुठेच काही नव्हतं. क्सेनियानं कितीतरी वेळ पटाकडे पाहिलं, मग हत्ती उचलून बाजूला नेला आणि शह दिला. पुन्हा शह. पुन्हा शह. लामाराचा राजा उघड्यावर सापडलेल्या माणसासारखा इकडून तिकडे फिरत राहिला. काही चालींनी तिनं हात पुढे केला. बरोबरी. जागा क्सेनियाची.

डाव संपला की खेळाडू तिथेच बसून पुन्हा एकदा तो चाळून बघतात, कुठे काय चुकलं ते. त्या दिवशी शिट्ट्यांनी बोलणंच ऐकू येईना. पंचांनी दोघींना मागच्या दारानं बाहेर काढलं.

घरी पोचायच्या आत गावाचं ठरून गेलं होतं: एरंडेलानं घात केला. ताकदच नव्हती बिचारीला. नाहीतर असलं प्यादं ती झोपेतही ढकलणार नाही. पोर्फिले काकाही हेच म्हणाला, डोळे पुसत. बाबुत्साही म्हणाली. जिंकण्याआधी तिचं जिंकणं टर्कीला दिलं होतं, आता तिची हार बाटलीला दिली. तिच्यासाठी यांनी काही म्हणून ठेवलं नाही.

समारोपाला एल्गुजा भाषणाला उभा राहिला. शहाणा माणूस, वारा फिरला की फिरणारा. "आपली लामारा आजारी असूनही खेळली! हा नैतिक विजय आहे! खिलाडूवृत्तीचं खास बक्षीस..." आणि त्यानं काचेची एक भलीमोठी फुलदाणी पुढे केली. डाव न खेळता गुण घ्यायला निघालेला हाच माणूस, आणि हाच तिला खिलाडूवृत्तीचं बक्षीस देत होता.

लामारानं फुलदाणी घेतली नाही. तिनं माइक घेतला.

"मी आजारी नव्हते," ती म्हणाली. "पोट बिघडलं होतं, डोकं नाही. डाव जिंकलेला होता आणि मी प्यादं ढकललं. घाईनं ढकललं. क्सेनिया ल्वोव्नांना जो बचाव दिसला, तो या थिएटरात दुसऱ्या कुणालाही दिसला नव्हता. त्यासाठी टाळ्या वाजवा."

कुणी वाजवल्या नाहीत. एल्गुजा फुलदाणी पोटाशी धरून उभा राहिला. शेवटच्या रांगेत बाबुत्सा बसली होती, तिनं दोन-तीनदा हात हातावर मारले आणि शेजारणी बघायला लागल्या म्हणून थांबली.

त्यानंतर कित्येक वर्षं लामाराचं नाव परदेशी जाणाऱ्यांत आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. किताब पुढे मिळाला, देशातल्या देशात खेळून, मिळायला हवा होता त्याच्या खूप नंतर. त्या वरच्या पायरीच्या आसपास ती पुन्हा कधी पोचली नाही. ती गावच्या बुद्धिबळ शाळेत मुलींना शिकवायला लागली. मुली तिला चळाचळा कापायच्या, आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे जायलाही तयार नसायच्या.

त्या स्पर्धेनंतरच्या पुढच्याच वसंतात क्सेनियाची आव्हानवीरांमधली लढत झाली. पहिल्याच लढतीत ती सपशेल हरली. झालं! कुताइसीला उकळ्या फुटल्या. "बघ, कुणासाठी प्यायलीस!" बाजारात बायका लामाराला ऐकवायच्या. "तू असतीस तर!" बागेतले म्हातारे मुद्दाम रस्ता ओलांडून येऊन सांगायचे. त्या दिवसांत शाळेतले तीन पट मोडले.

असंच एका दुपारी वर्ग चालू असताना कचेरीतला फोन वाजला. लेनिनग्राडहून होता. दार उघडं होतं, मुली कान टवकारून बसल्या.

"लामारा, मी क्सेनिया बोलतेय. मला एवढंच सांगायचं होतं... तुझी जागा मी वाया घालवली. माफ कर."

लामाराचा आवाज असा चढला की रस्त्यावरची माणसं थांबली.

"माझी जागा? माझी कधी होती ती? माझी असती तर मी जिंकले नसते का? गावातली गाढवं बडबडतात ते मी सोसते, पण तुम्हीसुद्धा? तुम्ही माझ्यासमोर बसला होतात, क्सेनिया ल्वोव्ना! डोळ्यांनी बघितलंत तुम्ही! तुम्ही तिथे गेलात, हरलात, ते तुमचं. इथे जे हरले, ते माझं आहे. ते मी एरंडेलाला देणार नाही, टर्कीला देणार नाही, आणि तुम्हालाही देणार नाही!"

तार नुसती खरखरत होती.

"तू प्यादं ढकललंस," क्सेनिया म्हणाली.

"हो."

"दोन चाली थांबायला हवं होतंस. राजा आधी."

"हो."

"मी त्या घराकडेच बघत होते. म्हणत होते, आता राजा आत गेला की मी संपले. तू जिंकली होतीस, लामारा."

आपल्या बाईंना मुलींनी ओरडताना पाहिलं होतं, पट फेकताना पाहिलं होतं. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरून बाई भिंतीला टेकल्या आणि ढसाढसा रडू लागल्या, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.